ब्राउझर युनिक्सची अवजारे मोडीत काढील काय? खोडदच्या दुर्बिणीची साक्ष

१/ ब्राउझर उघडला की संगणकाचे सारे काम भागते, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याचे दिवस सरले, असे मत आज महाविद्यालयांतून सर्रास ऐकू येते. लेखन, हिशेब, नकाशे, चित्रे, इतकेच काय प्रोग्रॅमिंगसुद्धा एका टॅबमध्ये होते. मग १९६९ साली जन्मलेल्या युनिक्स प्रणालीच्या लहानलहान अवजारांची आता गरजच काय, असा हा युक्तिवाद. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही, आणि समाजाच्या दृष्टीने तो घातकही आहे. याचा पुरावा शोधण्यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. तो जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या खोडद गावी उभा आहे. #धागा

२/ प्रथम युनिक्सचे अवजार म्हणजे काय, ते पाहू. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रणालीचा पाया घातला. प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करावे आणि ते नीट करावे, हे तिचे सूत्र. 'ग्रेप' ओळी शोधतो, 'सॉर्ट' त्या क्रमाने लावतो, 'युनिक' लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो, 'डब्ल्यूसी' मोजदाद करतो. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून 'पाइप' आला. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात सोडणारी ही नळी. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवावे, तसे काम एका अवजाराकडून दुसऱ्याकडे वळवता येऊ लागले.

३/ उदाहरण जुन्नरचेच घेऊ. लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरी येथील लेण्यांत अनेक ब्राह्मी दानलेख आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान त्यांत आहे, यवन दात्यांची नावेही आहेत. समजा, एका साध्या मजकूर-फाइलमध्ये दर ओळीला एक लेख उतरवला : लेणे, दाता, व्यवसाय, दानवस्तू. पाण्याची टाकी देणारे किती आणि लेणे खोदून देणारे किती, हा प्रश्न तीन अवजारांची साखळी क्षणात सोडवते. 'कट' चौथा रकाना वेगळा काढतो, 'सॉर्ट' सारख्या ओळी शेजारी आणतो, 'युनिक' त्या मोजतो. बेल प्रयोगशाळेत कोणीही जुन्नरचा विचार केला नव्हता. तरीही अवजार जुन्नरच्या कामी आले.

४/ आता ब्राउझरची जन्मकथा. टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला, तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. त्या संगणकाची प्रणाली युनिक्सच्या कुळातलीच होती. १९९३ मध्ये ज्या 'मोझॅक'ने वेबला लोकप्रिय केले, तोही आधी युनिक्स संगणकांवर अवतरला. दूरच्या संगणकावरील कागदपत्र जवळच्या पडद्यावर दाखवणे, हा ब्राउझरचा मूळ उद्देश. म्हणजे ब्राउझर हे युनिक्सच्याच घरात वाढलेले अपत्य आहे. या अपत्याने घर बळकावल्याची घोषणा गेल्या तीस वर्षांत किमान तीनदा झाली.

५/ पहिली घोषणा १९९५ ची. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केप कंपनीचे समभाग बाजारात आले आणि त्यांची किंमत भडकली. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. संगणकाची प्रणाली यापुढे गौण ठरेल, ब्राउझर हाच नवा पाया होईल, असे तेव्हा बोलले जाई. मायक्रोसॉफ्टने या शक्यतेचा धसका घेतला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर भरलेल्या खटल्याच्या मुळाशी ही ब्राउझरची लढाई होती. पण युनिक्सकुळाचे काय झाले? वेबची पाने पुरवणाऱ्या यंत्रांवर युनिक्स आणि लिनक्स यांचाच पसारा वाढला. पडद्यावर जितके ब्राउझर आले, तितकी पडद्यामागे युनिक्सची गरज वाढत गेली.

६/ दुसरी घोषणा फायरफॉक्स ओएसची. संपूर्ण फोनच ब्राउझरच्या तंत्रावर चालवायचा, ही कल्पना. २०१३ मध्ये असे फोन बाजारात आले. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतातही सुमारे २,००० रुपयांत मिळू लागले. काही वर्षांतच मोझिलाने फोनचा हा प्रकल्प गुंडाळला. त्याच्याच मुशीतून निघालेली कायओएस प्रणाली पुढे २०१७ च्या जिओफोनमध्ये दिसली. पण या दोन्ही प्रणालींचा गाभा लिनक्सचा होता. बॅटरी, रेडिओ, स्मृती, फाइली यांचा कारभार ब्राउझरने कधी हाती घेतलाच नाही.

७/ तिसरी घोषणा क्रोमबुकची, आणि तीच सर्वांत बोलकी. २०११ मध्ये गुगलच्या प्रेरणेने असे लॅपटॉप विक्रीस आले, की ज्यांत ब्राउझर हेच सर्वस्व. शाळांत ते चाललेही. मात्र २०१८ मध्ये गुगलनेच क्रोमबुकवर लिनक्सचे टर्मिनल उपलब्ध करून दिले, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम त्यावाचून अडत होते. 'ब्राउझर पुरेसा आहे' या मताचा सर्वांत धनाढ्य पुरस्कर्ता सात वर्षांत युनिक्सच्या अवजारांकडे परतला. इतिहासाच्या अभ्यासकाने या साक्षीचे वजन ओळखले पाहिजे.

८/ आता खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांना दिसणाऱ्या त्या तबकड्या म्हणजे दुर्बिणीचा केवळ डोळा. तिचा मेंदू मध्यवर्ती इमारतीत आहे आणि तो संगणकांचा आहे.

९/ या दुर्बिणीत कोणी डोळा लावत नाही. प्रत्येक अँटेनाने टिपलेला संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तेथे प्रत्येक अँटेनाच्या संकेताची इतर प्रत्येकाशी तुलना होते. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. हे काम पूर्वी खास बनवलेली यंत्रसामग्री करीत असे. २०१० च्या सुमारास तेथील संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा समूह लिनक्सवर जोडून तेच काम प्रोग्रॅमद्वारे, प्रत्यक्ष निरीक्षण चालू असतानाच, करून दाखवले. पुढे दुर्बिणीचे अद्ययावतीकरण झाले तेव्हा आणखी वेगवान यंत्रे आली. पण ओतीव यंत्राऐवजी बदलता येणारा प्रोग्रॅम, हा मार्ग खोडदला या लिनक्सच्या समूहाने मोकळा केला.

१०/ निरीक्षणानंतरची वाट त्याहून उद्बोधक आहे. दुर्बिणीचे अभिलेखागार वेबवर आहे. साधारणपणे १८ महिन्यांची राखीव मुदत सरली की जगातील कोणीही तेथून जुनी निरीक्षणे मागवू शकतो. इथवर ब्राउझर. मग हाती येते ती दुर्बिणीच्या स्वतःच्या स्वरूपातील फाइल. 'लिस्टस्कॅन' हा प्रोग्रॅम तिच्यात काय काय आहे याची मजकूर-यादी तयार करतो. संशोधक त्या यादीतून हवे ते ठेवतो, नको ते गाळतो. 'जीव्हीफिट्स' त्या यादीनुसार फिट्स स्वरूपातील फाइल काढून देतो. एका अवजाराने एक काम करावे आणि दोहोंमधला दुवा साधा मजकूर असावा, हे बेल प्रयोगशाळेचे सूत्र खोडदच्या कामात असे जिवंत आहे.

११/ या पद्धतीने काय साधते? २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. पाच हजारांहून अधिक दिशा, सुमारे दोन हजार तासांची निरीक्षणे. हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अभिलेखागारातील निरीक्षणे एका स्वयंचलित प्रक्रिया-साखळीतून काढली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी वातावरणाच्या आयनांबरात वेड्यावाकड्या होतात. तो दोषही ही साखळी दूर करते. हे काम माउसने एकेक कळ दाबून करायचे ठरवले, तर एका संशोधकाची हयात पुरायची नाही.

१२/ वेग हा यातला दुय्यम लाभ. मुख्य लाभ असा की प्रक्रियेची प्रत्येक पायरी लिखित राहते. कोणती निरीक्षणे गाळली, कोणता निकष लावला, कोणत्या क्रमाने, हे सारे आज्ञांच्या फाइलमध्ये नोंदलेले असते. दुसऱ्या संशोधकाला शंका आली तर तो तीच फाइल पुन्हा चालवून पडताळा घेऊ शकतो. ब्राउझरमधल्या पानावर दाबलेल्या शंभर कळांची नोंद सहसा कोठेही उरत नाही. इतिहासात ज्या विधानाला साधन नाही ते विधान अग्राह्य मानतात. मग ज्या निष्कर्षाची वाट दाखवता येत नाही, त्याला वेगळा न्याय का?

१३/ हा भेद जुन्नरकरांना नवा नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेले आहेत. पावसाळ्यात हजारो पर्यटक तो पाहून जातात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याच लेखातील अंकचिन्हांचा अभ्यास करून प्राचीन अंकलेखनावर प्रकाश टाकला. पाहणे आणि नक्कल उतरवून, ठसा घेऊन, अक्षर अक्षराशी ताडून वाचणे यांत जे अंतर आहे, तेच ब्राउझर आणि युनिक्सचे अवजार यांत आहे. पाहणे वाईट नव्हे. पण केवळ पाहण्याने नाणेघाटाचे अंक उलगडले नसते.

१४/ प्रतिपक्षाची बाजूही पूर्ण बळाने मांडली पाहिजे. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये 'रॅड ॲट होम' हा नागरिक-विज्ञानाचा उपक्रम सुरू केला. देशभरातील विद्यार्थी घरबसल्या, ब्राउझरमध्ये, जीएमआरटीच्या वर उल्लेखलेल्या पाहणीतील चित्रे न्याहाळतात आणि जगावेगळ्या दीर्घिका हुडकतात. या उपक्रमातून हाती लागलेल्या एका दीर्घिकेवरील शोधनिबंध २०२२ मध्ये ब्रिटनच्या नामांकित खगोल-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिवाय रेडिओ चित्रे तपासण्यासाठी 'कार्टा'सारखे ब्राउझरमध्ये उघडणारे दर्जेदार साधन आज व्यावसायिक संशोधकही वापरतात. ब्राउझर नसता तर हे विद्यार्थी दुर्बिणीपर्यंत पोहोचलेच नसते.

१५/ हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतो : त्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली चित्रे तयार कोणी केली? दोन हजार तासांच्या निरीक्षणांना चित्राचे रूप ब्राउझरने दिलेले नाही. 'कार्टा'चेही जड काम पाठीमागच्या संगणकावर चालणारा स्वतंत्र प्रोग्रॅम करतो. ब्राउझरमध्ये दिसतो तो त्याचा दर्शनी भाग. पुढे त्या दीर्घिकेचा निबंध लिहिण्यासाठी जीएमआरटीनेच नवी निरीक्षणे घ्यावी लागली आणि त्यांवर पुन्हा तीच लिनक्सवरील प्रक्रिया करावी लागली. ब्राउझरने दार उघडले याचे श्रेय त्याला द्यावे. दाराने घर बांधले, असे मात्र म्हणू नये.

१६/ आणखी एक हुशार आक्षेप असा : आता लिनक्ससुद्धा ब्राउझरमध्ये चालते! खरे आहे. फाब्रिस बेलार यांनी २०११ मध्येच ब्राउझरच्या टॅबमध्ये लिनक्स चालवून दाखवले, आणि २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेल्या वेबअसेंब्लीने असे प्रयोग अधिक वेगवान केले. पण यातून सिद्ध काय होते? टॅबमध्ये लिनक्स चालवून तेथेही 'ग्रेप' आणि 'सॉर्ट'च टंकायचे असतील, तर अवजारे बदलली नाहीत, त्यांची जागा बदलली. शिवनेरीवर जाण्याची वाट बदलल्याने शिवनेरी बदलत नाही.

१७/ टिकाऊपणाचा मुद्दा इतिहासप्रेमींनी विशेष लक्षात घ्यावा. फिट्स हे खगोलशास्त्राचे फाइल-स्वरूप १९८१ चे. त्यातील जुन्या फाइली आजही वाचता येतात. ब्राउझरच्या जगात ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि असंख्य पाने मुकी झाली. मराठीला याचा फटका आधीच बसला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे खासगी फॉन्टवर चालत आणि काही तर इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसत. २०२२ मध्ये तो ब्राउझरही निवृत्त झाला. तो जुना मजकूर आज उघडला तर गिचमिड दिसते. ती सोडवायची तर अक्षरामागून अक्षर बदलणारा छोटासा प्रोग्रॅम लिहून हजारो फाइलींवर एकदम चालवावा लागतो.

१८/ आता खोडदहून शेजारच्या आंबेगाव तालुक्यात येऊ. येथे हा वाद थेट जमिनीला भिडतो. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव गावच बुडाले. तालुक्याला नाव उरले, कारभार घोडेगावातून चालतो. आज सातबारा ब्राउझरमध्ये दिसतो : जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडा, पडद्यावरची अक्षरे टंका, एक उतारा पाहा. खातेदाराची तलाठी कार्यालयाची खेप वाचते, ही मोठी सोय. पण समजा, एखाद्या अभ्यासकाने विचारले की संपूर्ण तालुक्यात किती उताऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात पुनर्वसनाचा शेरा आहे? त्या पानाजवळ या प्रश्नाला जागाच नाही. पान बनवणाऱ्याने एकाच प्रश्नाची कल्पना केली होती : माझा उतारा कोठे आहे?

१९/ यावर कोणी म्हणेल, सर्वांचे उतारे एकगठ्ठा दिले तर खातेदारांच्या खासगीपणाचे काय? आक्षेप रास्त आहे. नावे वगळून दुय्यम माहिती द्यावी, की अभ्यासकांना अटींवर द्यावी, की देऊच नये, यावर उघड चर्चा व्हावी आणि धोरण ठरावे. आक्षेपार्ह बाब ही, की आज तो निर्णय पानाच्या रचनेत गुपचूप होऊन जातो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ब्राउझर हेच सर्वस्व मानणारी पिढी या मर्यादेला मर्यादा म्हणून ओळखूच शकणार नाही. जो प्रश्न पानावर नाही, तो प्रश्नच नाही, अशी तिची समजूत होईल.

२०/ युनिक्सचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्याच्या आज्ञा इंग्रजी आणि तुटक आहेत, चुकीची सूचना देताना ते कोरडेपणे वागते आणि एक चुकलेली आज्ञा दिवसाचे काम पुसून टाकू शकते. मात्र ते मराठीला परके आहे, हा आरोप खोटा. ज्या यूटीएफ-८ संकेतनामुळे आज ब्राउझरमध्ये देवनागरी दिसते, ते १९९२ मध्ये युनिक्सकर्त्या केन थॉम्प्सन यांनीच रॉब पाइक यांच्यासह रचले. 'ग्रेप'ला 'पोढी' हा शब्द दिला तर तो जुन्नरच्या दानलेखांतील पाण्याच्या टाक्यांचे उल्लेख तितक्याच निमूटपणे शोधून देतो.

२१/ या वादात पणाला काय लागले आहे? दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि गावोगावची शाळकरी मुले तबकड्या पाहायला येतात. त्यांतील अनेकांच्या घरी संगणक म्हणून फक्त एक फोन असतो. तुला ब्राउझर पुरे, असे त्या मुलाला सांगणे म्हणजे तू प्रेक्षकच राहा, असे सांगणे होय. वस्तुतः त्याच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे आणि 'टर्मक्स'सारख्या विनामूल्य ॲपमधून त्यावर 'ग्रेप', 'सॉर्ट', 'कट' आजही चालतात. साधन खिशात असताना ते नाहीच असे पटवून देणे, ही या मतप्रवाहाची खरी हानी.

२२/ म्हणून निष्कर्ष स्पष्ट आहे. ब्राउझर दाखवण्याचे, पोहोचवण्याचे, जोडण्याचे काम उत्तम करतो आणि करीत राहील. कोणीही आधी न कल्पिलेला प्रश्न स्वतः रचणे, तो लाखो नोंदींना एकदम विचारणे आणि उत्तराची वाट दुसऱ्याच्या तपासणीसाठी मागे ठेवणे, हे काम लहान, जोडता येणाऱ्या अवजारांचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या सुट्टीत एवढे करावे : आपल्या तालुक्यातील कोणत्याही पन्नास शिलालेखांच्या, वीरगळांच्या किंवा समाध्यांच्या नोंदी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये उतराव्यात आणि 'कट', 'सॉर्ट', 'युनिक' ही तीन अवजारे शिकून त्या नोंदींना एक प्रश्न विचारावा. जो प्रश्न आजवर कोणत्याही संकेतस्थळाच्या पानावर नव्हता, असा. (धागा समाप्त)